अठ्ठेचाळीस फोटोंतली एक पिन

१५ एप्रिल, मंगळवार

खारेपाटातल्या माझ्या बंधूभगिनींनो, खाडीला बांध घालून गोडं भात पिकवणाऱ्या माणसांनो! हनुमान जयंतीच्या दिवशी, भर दुपारी, आपण देवळात पंगतीला बसलो असताना आपली उघाडी तुटली. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला आपोआप मिटणारं ते लाकडी दार वाहून गेलं, शेजारचा बांध वीस हात फुटला आणि दोनशे एकरांत खाडी शिरली. काल खारभूमी खात्याचे साहेब आले. पाच मिनिटं बांधावर उभे राहिले आणि लिहून गेले, खेकड्यांच्या बिळांमुळे. म्हणजे गुन्हेगार खेकडा! आता खेकड्याला नोटीस कोण बजावणार? की तोही साहेब बघून आडवा पळणार?

इथवर लिहून थांबलो. सभा अजून ठरायची आहे, पण सुरुवात ठरली. पेणच्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. लढ्यांचे इतिहास हाती लागतील तेवढे वाचले. ज्याचं नाव घेता येत नाही त्याच्याशी लढता येत नाही, एवढं त्यातून पक्कं कळलं आहे.

संध्याकाळच्या ओहोटीला हिरामणबरोबर उघाडीवर गेलो. उघाडीची राखण त्याच्याकडे, आधी त्याच्या बापाकडे होती. दार गेलं तरी चौकटीवरची बिजागरी जागेवर आहे आणि तिच्यात अंगठ्याएवढ्या जाड पिनचा अर्धा तुकडा अडकलेला. मी तो हातोडीने ठोकून काढला.

"टाका वो भाई," हिरामण म्हणाला. "गंजल्याला लोखंड. चाळीस वर्सं खारं पानी प्यालाय."

"गंजेल कशाने? दर अमावास्येला तू वंगण घालतोस. ग्रीसमध्ये चुना आणि काथ्याचे धागे कुटून! अख्ख्या खारेपाटात असं वंगण दुसरं कोण घालतं?"

तो खाली बघत राहिला. बिचाऱ्याच्या मनाला फार लागलं आहे. परत येताना म्हणाला, "भाई, मना जरा बोलाचा व्हता. माज्या त्या वाफ्यांचा..."

मी म्हटलं, "हिरामण, आता एकाच्या वाफ्यांचं बोलायचं नाही, दोनशे एकरांचं बोलायचं." पटलं त्याला.

१८ एप्रिल, शुक्रवार

पिन टेबलावर आहे. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं भिंग लावून तासभर पाहिली. तुटलेल्या टोकावर एकीकडे बारीक रेघा आहेत, एकीकडे खडबड. भिंग रेघांवर आणलं की खडबड पुसट होते, खडबडीवर आणलं की रेघा नाहीशा. दोन्ही एकदम काही दिसेना.

"चष्मा बदला," इंदू म्हणाली. "बायकोपन तुमाला अशीच अर्धी दिसते."

हुमेराला फोन केला. रोह्याच्या इद्रीसभाईंची मुलगी. शाळेत असताना आजोळी पेणला राहायची आणि रोज वाचनालयात यायची. आधीच्या पुस्तकाचा शेवट तिने सांगितल्याशिवाय मी तिला पुढचं देत नसे. आता रोह्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत आहे, किड्यांचे आणि छोट्या खेकड्यांचे फोटो काढते.

"एका फोटोत सगळं नाही येणार, काका," ती म्हणाली. "इतक्या जवळून लेन्सला नखाच्या जाडीएवढीच जागा स्पष्ट दिसते. म्हणून कॅमेरा केसभर पुढे सरकवत पुष्कळ फोटो काढायचे. मग कॉम्प्युटर प्रत्येकातला स्पष्ट भाग तेवढा उचलतो आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो करतो. फोकस स्टॅकिंग म्हणतात. पिन घेऊन या. आणि पेणची शाडू माती आणा मूठभर, ती हलू नये म्हणून रोवायला."

दुपारी हिरामणला विचारलं, जयंतीच्या आधी उघाडीवर कोणी आलं होतं का? तो पायाने माती उकरू लागला. मग म्हणाला, "नितेश आलता. गडबचा. पानी मागाला..."

नितेश! पलीकडच्या जेटीच्या ठेकेदाराचा सुपरवायझर! आमची जमीन खारी झाली की ठेकेदाराला बार्जेससाठी आयती जागा मिळते. हिरामण आणखी काहीतरी सांगत होता, पण माझ्या डोक्यात तोवर सगळं जुळलं होतं.

२३ एप्रिल, बुधवार

एसटीने रोह्याला. नागोठण्याला गाडी पाऊण तास उभी.

हुमेराने शाडूच्या गोळ्यात पिन रोवली, पंखा बंद केला, खिडकी लावली. बाहेरून ट्रक गेला तरी हात वर करून थांबायची. मी तिला बांधाचा इतिहास सांगत होतो.

"काका."

"अगं, ऐक तर. पूर्वी घरटी एक माणूस..."

"काका, तुम्ही टेबलाला टेकून बोलताय. तुमच्या आवाजाने पिन हलतेय."

असं मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं! स्टुलावर जाऊन बसलो. तिचे वीस फोटो झाले आणि माझ्या गाडीची वेळ झाली. ती म्हणाली, मधला भाग राहिलाय, पिन ठेवून जा. मी म्हटलं, आहे त्यातून जोडून दे, पिन माझ्याकडेच राहील. कोणाचा काय भरवसा.

पडद्यावर फोटो आला आणि मी स्टुलावरून उठलो. कडेला समांतर रेघा, फणीने ओढाव्यात तशा. लोखंड कापायच्या करवतीचे दात! दुसऱ्या बाजूला ताणून तुटलेलं लोखंड. मध्ये एक धुरकट पट्टा. पिन कोणीतरी कापली होती. उरलेली उधाणाने तोडली.

"या धुरकट भागात काहीतरी पांढरं आहे," हुमेरा म्हणाली. "कण आहेत. आणि हा धागा असावा."

"शिंपल्यांची पूड. खाडीतलं लोखंड आहे ते."

"असेल. पण पूर्ण केल्याशिवाय कुणाला दाखवू नका, काका."

२७ एप्रिल, रविवार

अमावास्येचं उधाण. फुटल्या जागेतून पाणी पुन्हा आत. वाफ्यांवर आता मीठ दिसतं. पावसाळ्याआधी बांध झाला नाही तर यंदा भात विसरा. खेकड्यांचा कागद कायम राहिला तर बांध कोणी बांधून देणार नाही. कापाकापी सिद्ध झाली तर संशय ठेकेदारावरच, मग त्याच्या खर्चाने बांध, असं साहेबांनीच कबूल केलं आहे. सुनावणी सोळा मेला.

हिरामण आजारी आहे म्हणे. बांधावर आला नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

फ्लेक्स लागला! दहा बाय सहा. मध्ये पिन, डाव्या कोपऱ्यात मी, वर लाल अक्षरांत: हा घ्या पुरावा! वडखळहून येणारी प्रत्येक गाडी बघून जाते. हुमेराचा फोन आला होता. नाराज होती. शास्त्र शिकलेल्या माणसांना लढ्याची घाई समजत नाही.

२ मे, शुक्रवार

अशी सभा सेझच्या लढ्यानंतर झाली नव्हती. देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. खेकड्यावर हशा, पिनवर शांतता. मग मी विचारलं, "जयंतीच्या आधी उघाडीवर कोण आलं होतं?" आणि नाव घेतलं. गर्दीतून आवाज उठला तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल.

तिथेच तक्रार लिहिली, नितेशच्या नावाने. पहिली सही माझी. दुसरीसाठी मी हिरामणला पुढे बोलावलं. उघाडीचा राखणदार, त्याचा मान पहिला. तो जागचा हलेना. पोरांनी हात धरून आणला, मी पेन हातात दिलं. त्याने कागद न वाचताच सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. तीस वर्षांची सोबत आहे. सेझच्या वेळी पोलिसांनी एकाच गाडीत भरून नेलं होतं आम्हाला.

दोनशे चौदा सह्या. कागद सुनावणीपर्यंत माझ्याकडे.

इंदू घरी आल्यावर म्हणाली, "हिरामणभावोजींचा चेहरा बघितलात का?"

"भारावला होता."

"तुमी बोलाला लागलात का समोरच्याचा चेहरा तुमाला दिसत नाय," असं म्हणून ती आत गेली.

५ मे, सोमवार

काल गडबच्या नाक्यावर आमच्या चार पोरांनी नितेशला मारलं. डाव्या हाताचं मनगट मोडलं. ठेकेदाराने त्याच दिवशी कामावरून काढून टाकलं, नसती भानगड नको म्हणून.

मी मारायला सांगितलं नव्हतं. माझ्या भाषणात तो शब्द कुठेही नाही. वही काढून पाहिलं.

दुपारी त्याची आई आली, धोंडुबाई. उंबऱ्याबाहेरच बसली. इंदूने पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"भाई, तुमचं भाषण मी पन ऐकलं. रिक्षा करून आलते," ती म्हणाली. "लय चांगला बोलता. मना रडू आलं. पोराचं नाव घेतलात तवा समाजलं, का कोनासाठी रडतंय मी."

"धोंडुबाई, पुरावा आहे."

"पिनचा फोटू हाय. त्यात माजा पोरगा कुठं हाय, दाखवा ना. बोट ठेवून दाखवा."

मी तिला करवतीच्या रेघा समजावून सांगितल्या. ती ऐकून घेऊन उठली. इंदूला म्हणाली, "बाय गो, यांना सांग. माजा पोरगा पानीच प्याला तुमच्याकडं. पाण्याला नाय म्हणत नाय कोन, म्हणून प्याला."

इंदू जेवली नाही. मी हुमेराला फोन केला, गुरुवारी येतो, पूर्ण फोटो करू. सुनावणीत कोणी बोट दाखवायला जागा राहू नये.

८ मे, गुरुवार

रोहा. आज मी तोंड उघडलं नाही. भिंतीशी बसून राहिलो. पंखा बंद, अंगातून धारा. सव्वा तास लागला. पिन नव्याने रोवली म्हणून सगळे पहिल्यापासून, अठ्ठेचाळीस फोटो.

कॉम्प्युटर हळूहळू जोडत गेला. धुरकट पट्टा आक्रसत गेला, गेला, आणि नाहीसा झाला. पिनचं टोक पडद्यावर ताटाएवढं झालं. त्या पट्ट्यातल्या करवतीच्या प्रत्येक रेघेच्या खाचेत वंगण बसलं होतं, कापल्यानंतर बोटाने दाबून भरलेलं. पिवळसर काळं. त्यात पांढरे कण आणि काथ्याचे तीन धागे. एक धागा तर असा पिळाचा, की हात लावावासा वाटला.

"शिंपले नाहीत काका," हुमेरा म्हणाली. "चुना दिसतोय. पण ग्रीसमध्ये चुना आणि काथ्या कशाला घालतं कोणी?"

असं वंगण अख्ख्या खारेपाटात एकच माणूस घालतो. तिने पाणी आणून दिलं. ते तसंच ठेवलं.

कापल्यावर वंगण भरलं, म्हणजे झाकलं. झाकलं ते त्याच्या हाताने. ज्याने सही केली त्याच हाताने.

९ मे, शुक्रवार

हे कोणाला दाखवायचं नाही म्हणून लिहून ठेवतो. आज सकाळी हुमेराला फोन करून विचारलं, पहिले वीस फोटो जोडून केलेला होता तो फोटोही खराच ना?

"खरा आहे."

"मग सुनावणीला तोच पुरे. करवत दिसते. पिन कापली होती हे सिद्ध होतं. तेवढंच सिद्ध करायचं आहे."

मी दोनशे एकर सांगितले, पाऊस तोंडावर आलाय हे सांगितलं, एका माणसाच्या पापासाठी गावाने का मरायचं ते सांगितलं. चांगलं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "काका, कालचे अठ्ठेचाळीस मी पुसून टाकू का? तसं स्पष्ट सांगा. म्हणजे ते तुम्ही सांगितलं होतं, हे माझ्या लक्षात राहील."

फोन ठेवला. दिवसभर राग तिचाच येत राहिला.

११ मे, रविवार

हिरामणकडे गेलो. तो वाफ्यांवर बसला होता. उघाडीला लागून सगळ्यात खोलगट तीन वाफे त्याचे. फोटोचा कागद पुढे धरला. त्याने एकदाच पाहिलं.

"माजाच काथ्या हाय," तो म्हणाला. लपवलंसुद्धा नाही त्याने.

"का? ठेकेदाराने काय कबूल केलं तुला? बोल! कितीला विकलंस गाव?"

"ठेकेदार मना कशाला इचारतो? चार वर्सं माज्या वाफ्यांत भात नाय. झिरपून खारे झालेत. खाऱ्या पान्यातलं मासं, जिताडं पाळतो म्हणालो, तळं करू द्या. तुमी ठराव केलात, बांधाच्या आत कोनी खारं पानी घ्याचा नाय."

"तो ठराव सगळ्यांसाठी होता."

"व्हय. तीन बारी आलो तुमच्या घरी. तिन्ही बारी तुमी भाषण दिलात, आन् मी चा पिऊन परत आलो. मग म्हटलं पिन जरा ढिली करूया. दार मिटलं तरी फट ऱ्हायल, भरतीला माज्या तीन वाफ्यांपुरता पानी येल. मना काय माहीत, उधाणात तुटंल ती?"

"आणि नितेश?"

"तुमी इचारलात कोन आलता. पानी मागाला आलता म्हणून सांगितला. पुढं सांगत व्हतो का त्याचा काय नाय यात. तुमी उठून गेलात."

"सही का केलीस मग? तीस वर्षं, हिरामण! माझ्याशेजारी उभा राहून दुसऱ्याच्या गळ्यात घातलंस?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमीच पेन हातात दिलात, भाई. दोनशे मानसं टाळ्या वाजवत व्हती. तवा नाय म्हणाचा धीर आनायचा कुठून?"

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शत्रूने घाव घातला असता तर आयुष्यभर अभिमानाने मिरवला असता. हा घाव मी कुठे दाखवू? ज्याच्या वंगणाचं मी चारचौघांत कौतुक करत होतो, त्याच वंगणाने माझे डोळे लिंपले गेले. माझ्याइतका फसलेला माणूस या खारेपाटात दुसरा नसेल.

१३ मे, मंगळवार

काल पुन्हा उधाण. बांध आणखी चार हात खचला.

सकाळी हुमेराला फोन केला. "सगळे अठ्ठेचाळीस. तोच फोटो द्यायचा." ती म्हणाली, "बरं काका." मग तिने विचारलं, "त्या नितेशचा हात कसा आहे?" मला माहीत नव्हतं.

ठेकेदाराच्या खर्चाचा बांध गेला. येत्या रविवारी भांगाची भरती, पाणी कमी. घरटी एक माणूस आणि टोपली, पूर्वी करायचे तसं करावं लागेल. ते वेगळं सांगेन. आज संध्याकाळी देवळासमोर फक्त एवढंच.

लिहिलेलं इंदूला वाचून दाखवलं. सात पानं होती. विश्वासघातावर चांगली तीन पानं झाली होती, इतिहासातले दाखले घालून. ती भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "तुमी फसलात ते सात पानं हाय. धोंडुबाईचा पोरगा कुठं हाय यात?"

मला अजून वाटतं की फसवला गेलो तो मीच. पण पानं काढत गेलो. उरलं ते हे:

गावकऱ्यांनो, हा पूर्ण फोटो आहे. फ्लेक्सवर होता तो अर्धा होता, मी घाई केली. पिन कापली गेली हे खरं. कोणाचं वंगण आहे ते तुम्ही बघताक्षणी ओळखाल. त्याचं त्याला बोलू द्या, मी मध्ये बोलणार नाही. त्याच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. एका माणसाचं मनगट आपण आधीच मोडलं आहे. तो माणूस आपल्याकडे पाणी प्यायला आला होता, एवढंच. त्याचं नाव मी घेतलं, आणि माझ्यावर भरवसा ठेवून तुम्ही दोनशे तेरा जणांनी माझ्या सहीखाली सह्या केल्यात. तो कागद अजून माझ्याजवळ आहे. शुक्रवारी सुनावणीला तो तसाच गेला तर खोट्याखाली सबंध गावाची सही राहील. उद्या सकाळी दहा वाजता मी तो देवळाच्या ओट्यावर उघडून ठेवतो. धोंडुबाई आणि नितेशला मी स्वतः गडबला जाऊन बोलावेन, ते समोर बसलेले असतील. माझी सही मी खोडेन. तुम्ही या, आणि त्यांच्या देखत, आपल्या हाताने, आपली सही खोडा.